पोचा आलेलं पातेलं

कर्णाभाऊंना आपल्या बायकोचं गुणगुणणं ऐकायचं होतं. बास, एवढंच. आता एवढ्यासाठी कुणी घर बदलतं का, असं तुम्ही विचाराल. विचारा. त्यांच्या मेहुण्यानंही विचारलं असतं, पण त्याला हे कारण कधी कळलंच नाही. मेहुण्याला भाऊंनी सांगितलं, नव्या भागात पाण्याला जोर चांगला आहे. मुलीला फोनवर सांगितलं, हवा चांगली आहे. ऑफिसात सांगितलं, डॉक्टर म्हणाले. आणि खुद्द वहिनींना, म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या बायकोला, सांगितलं की तिकडे कपडे लवकर वाळतात. छप्पन्न वर्षांच्या माणसानं, तेही सरकारी खात्यातल्या, "तू गुणगुणतेस ते मला ऐकायचंय गं" असं तोंड उघडून म्हणायचं म्हणजे काय! जीभच रेटत नाही माणसाची.

कर्णाभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीज खात्याच्या तक्रार खिडकीवर ते बावीस वर्षं बसत होते. खिडकीला जाड काच, काचेला खाली हात जाईल एवढं भोक आणि काचेपलीकडे चिडलेली माणसं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. त्यावरून ऑफिसातले लोक "काय कर्णा!" अशी हाक मारू लागले. पहिली तीनचार वर्षं भाऊंचा प्रामाणिक समज होता, की आपण सगळ्यांना पदरचा चहा पाजतो, तेव्हा हे दानशूर कर्णावरून आलं असणार. पुढे एकदा शिपायानं खुलासा केला, की साहेब, तो कर्ण वेगळा; हा कर्णा म्हणजे खांबावर बांधतात तो. त्या दिवसापासून चहा बंद झाला, नाव मात्र राहिलं.

घरही नावाला साजेसंच. खाली गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज. कुणाची गाडी कुठे धडकली, दार चेपलं, की आणली इथे. उस्ताद आणि त्यांचे दोन कारागीर सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत पत्रा ठोकत आणि वर पहिल्या मजल्यावर भाऊंचा संसार चाले. चोवीस वर्षं नवराबायको एकमेकांशी ओरडून बोलले. प्रेमानं, पण ओरडून. "चहा ठेवू का" हे वाक्य वहिनी ज्या पट्टीत म्हणत, त्या पट्टीत इतर घरांत वाटण्या होतात.

आता गुणगुणण्याचं सांगतो. भाऊ तेव्हा खिडकीवर नव्हते, घरोघर हिंडून मीटरचे आकडे टिपून घ्यायचे. एका घरी मीटर जिन्याखाली होता. भाऊ वाकून आकडे बघतायत, तोच आतल्या खोलीत कुणीतरी गुणगुणतंय असं त्यांच्या कानावर आलं. शब्द नव्हते, नुसता सूर. तो आधी खालच्या खालीच घुटमळला, मग एकेक पायरी करत वर चढला, अगदी वर गेला, आता पुढे काय होणार म्हणून भाऊंनी श्वास धरला, आणि नेमके तेव्हाच घरातले वडील बाहेर येऊन म्हणाले, "किती झाले हो युनिट?" सूर तिथेच थांबला. भाऊंनी त्या महिन्यात त्या घरचा मीटर आणखी तीनदा वाचला. त्या घराला एका महिन्यात चार बिलं गेली. वडील जाब विचारायला खात्यात आले आणि बोलता बोलता लग्न ठरलं.

लग्न ठरलं खरं, पण त्या सुराचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं. पहिली दोन वर्षं अकरा माणसांच्या घरात गेली. तिथे नव्या सुनेनं गुणगुणायचं कसं? मग हे गॅरेजवरचं घर. इथे मात्र वहिनींचे ओठ हलत. तांदूळ निवडताना हलत, कपड्यांच्या घड्या घालताना हलत. भाऊ पेपरच्या आडून बघत. हळूच जवळ जाऊन कान द्यावा, तर खालून धाण् धाण् धाण्. रविवारी गॅरेज बंद असे, पण रविवारी ओठही बंद. चोवीस वर्षं माणसानं बायकोचे नुसते ओठ बघितले. मुलगी लग्न होऊन लांब गेली, निवृत्ती दोन वर्षांवर आली, आणि भाऊंना एक दिवस खिडकीवर बसल्या बसल्या एकदम भडभडून आलं, की हे असंच राहून जाणार. समोर एक गृहस्थ दुप्पट बिल आलं म्हणून ओरडत होते. त्यांना वाटलं, साहेब आपल्यासाठी रडतायत. ते बिल भरून निघून गेले.

तर घराचा शोध सुरू झाला. आता घर शोधायला निघालेल्या माणसाला सल्ला देणं हा आपल्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क. मेहुणा म्हणाला, "वरच्या मजल्यावर घ्या, डास नसतात." वरच्या मजल्यावर राहणारे आजोबा म्हणाले, "खालच्या मजल्यावर घ्या, गुडघे राहतात." शिपाई म्हणाला, "साहेब, आधी नळ सोडून बघा, मग मालकाचं तोंड बघा." एजंट सगळ्यांच्या वरताण. त्यानं शहराच्या कडेचा एक भाग सुचवला. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं, तीन मजल्यांच्या बुटक्या इमारती, कुंपणाला रंग दिलेला. "इतका शांत एरिया आहे ना भाऊ, की तिथे भांडणंसुद्धा पत्रानं होतात," एजंट म्हणाला. "फक्त मालक जरा कानाचे आहेत."

"म्हणजे हलक्या कानाचे?"

"हलक्या नाही, तिखट कानाचे. जाताना चपला हातात घ्या."

मालक उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेले, सत्तरीचे, एकटे गृहस्थ. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. पहिल्या मजल्यावर राहायचे आणि डोक्यावरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचे. तीन वर्षांत सहा भाडेकरू झाले होते. शेवटचा भाडेकरू पापड फार मोडतो म्हणून गेला, असं एजंट म्हणाला.

दार उघडलं तेव्हा घड्याळजींच्या एका डोळ्याला भिंग होतं. "या," ते म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले असावेत. भाऊंना नुसते ओठ हललेले दिसले, आणि त्याची तर त्यांना सवयच होती.

"नमस्कार! घराबद्दल आलोय!" भाऊ खिडकीच्या सवयीनं म्हणाले.

घड्याळजींच्या डोळ्याचं भिंग खाली पडलं. "हळू बोला हो, हळू!"

भाऊ पडले आज्ञाधारक. त्यांनी दम घेतला आणि त्याच पट्टीत, पण एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, "घ... रा... बद्... दल... आ... लो... य!"

"अहो, हळू म्हटलं मी!"

"आ... ण... खी... कि... ती... ह... ळू?"

आता यात भाऊंचा काय दोष, सांगा. आपल्या भाषेला एकाच शब्दात दोन कामं उरकायची हौस. हळू म्हणजे सावकाश आणि हळू म्हणजे बारीक आवाजात. घोळ झाला की निस्तरायचा तुम्ही आम्ही. घड्याळजींनी शेवटी एका कागदावर लिहून दाखवलं: आवाज लहान. भाऊंना हा अपमान इतका झोंबला, की ते तिथून उठलेच. पण खिडकीबाहेर झाडाची फांदी होती, आणि फांदीवरचं पान हललं ते त्यांना ऐकू आलं. पान! चोवीस वर्षांत भाऊंनी पान हललेलं ऐकलं नव्हतं. ते पुन्हा खाली बसले.

बरोबर आलेल्या वहिनींना एजंटनं तोंड उघडू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी नुसते हात जोडले. घड्याळजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. "यांच्याकडे बघून एक महिना देतो," ते म्हणाले. "शेवटच्या रविवारी पाच वाजता सांगीन, राहायचं की जायचं. आणि आधीच्या शेजाऱ्यांचा दाखला आणा, शांत कुटुंब आहे म्हणून."

शांत असल्याचा दाखला! जन्माचा मिळतो, मृत्यूचा मिळतो, उत्पन्नाचा मिळतो. हा कुठल्या कचेरीत मिळायचा? भाऊ दोन दिवस चिंतेत. शेवटी वहिनी ओरडल्या, "अहो, शेजारी म्हणजे उस्तादच ना!" उस्तादांनी हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटलेल्या कागदावर लिहून दिलं: 'हे कुटुंब चोवीस वर्षं आमच्या डोक्यावर राहत आहे. या अवधीत त्यांच्या घरातून कसलाही आवाज आम्हांस कधीही ऐकू आलेला नाही.' खाली सही. दोन्ही कारागिरांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग पोलीस चौकीत भाडेकरूची नोंदणी. हवालदारानं फॉर्मवरून मान न उचलता विचारलं, "व्यवसाय?"

"तक्रार खिडकी!"

"खिडकीची तक्रार पलीकडच्या टेबलावर."

पलीकडच्या टेबलानं विचारलं, काच फुटली की चोर शिरला. भाऊ म्हणाले, काच शाबूत आहे, मी काचेच्या आत असतो. टेबलानं विचारलं, किती दिवस झाले? भाऊ म्हणाले, बावीस वर्षं. यानंतर भाऊंना पाणी देण्यात आलं आणि घरी कोण कोण असतं, अशी फार मायेनं चौकशी झाली. स्वतः बावीस वर्षं लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलेल्या माणसाला आपल्यावर तीच पाळी आली की कसं वाटतं, ते भाऊंना त्या दुपारी पुरेपूर कळलं. चौथ्या फेरीत शिक्का मिळाला.

सामान हलवलं त्या दिवशी सगळं आक्रीत टळलं होतं. कपाट हळू चढवलं, दोन्ही अर्थांनी. खाट चढली, पंखे चढले. शेवटी राहिलं मोठं पितळेचं पातेलं. ते मात्र भाऊंनी, हमालांवर भरवसा नको म्हणून, स्वतः उचललं. दुसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांना शिंक आली. पातेलं सुटलं. अडतीस पायऱ्या होत्या त्या जिन्याला, आणि पातेल्यानं एकही गाळली नाही. आवाज थांबला तेव्हा तिन्ही मजल्यांची दारं उघडलेली होती आणि प्रत्येक दारात एकेक माणूस तोंडावर हात धरून उभा होता. पातेल्याच्या पोटाला ताटलीएवढा पोचा आला होता. घड्याळजी खालून वर बघत नुसतं म्हणाले, "एक." भाऊ काय ते समजले.

त्या 'एक'नं वहिनींनी जी धास्ती घेतली, ती घेतली. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी भाऊंचे मोजे चढवले. एक मोजा कमी पडला, त्यामुळे एक खुर्ची कायमची कलली, आणि ती भाऊंच्या वाट्याला आली. कुकर माळ्यावर गेला. भांड्यांच्या मधे फडकी आली. दोघांनाही लहान आवाजात बोलायची सवय नव्हती. बोलायला जावं तर एकदम मोठा तरी यायचा, नाहीतर यायचाच नाही. शेवटी दोघं चिठ्ठ्या लिहू लागले. घरात जुन्या तक्रार अर्जांचे पाठकोरे कागद होते. भाऊंचा हात कारकुनी वळणाचा. ते लिहीत: 'विषय: चहा मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून...' वहिनी खाली लिहीत: 'पाहिले. दूध येताच कार्यवाही होईल.' पहिले दोन दिवस दोघांनाही याची गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी वाटली नाही.

शेजार चांगला होता, म्हणजे असावा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू इतकं बारीक कुजबुजत, की भाऊंना त्यातलं काही कळायचं नाही. बावीस वर्षं ओरडणारी माणसं ऐकलेल्या कानांना कुजबुजीतले शब्द लागतच नसत. ते आपले हसून मान हलवत. अशी चार वेळा मान हलवल्यावर फलकावर यादी लागली आणि तिच्यात भाऊंचं नाव होतं: 'इमारत शांतता समिती, सदस्य.' आवाज करणाऱ्यांना नोटीस देणं हे सदस्याचं काम. पहिली नोटीस गेली दुसऱ्या मजल्यावर, सकाळी सात पाचला आलेल्या शिंकेबद्दल. शिंक भाऊंचीच होती. देणारा म्हणून भाऊंनी सही केली, घेणारा म्हणूनही केली, आणि सवयीनं खाली शेरा मारला, 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.' घड्याळजी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दोन."

हे सगळं भाऊंनी हसत सोसलं असतं हो. अपमान गिळायला खात्यात शिकवतातच. पण ज्याच्यासाठी हा डोंगर उचलला होता, ते कुठे होतं?

संध्याकाळी ऑफिसातून आले, की भाऊ कललेल्या खुर्चीत पेपर उघडून बसत. पान उलटत नसत, कागदाचा आवाज होतो. आतल्या खोलीत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत. भाऊ कानात प्राण आणून ऐकत. फ्रिज चालू झालेला ऐकू यायचा. बंद झालेला ऐकू यायचा. खालच्या मजल्यावर घड्याळजींची घड्याळं टिकटिकत, त्यातलं एक जरा लंगडं होतं, तेसुद्धा भाऊंना कळायला लागलं. स्वतःचा गुडघा वाजलेला ऐकू यायचा. बायको मात्र गप्प. दारातून वाकून बघावं, तर ओठ मिटलेले. पूर्वी निदान ओठ तरी हलायचे! भाऊंना त्या हलणाऱ्या ओठांची इतकी आठवण यायची, की समोर बसलेल्या बायकोची आठवण येते म्हणजे काय, हे त्यांना कुणाला सांगताही येईना. एका संध्याकाळी त्यांनी कागद घेऊन लिहिलं, 'विषय: गुणगुणणे सुरू करणेबाबत.' पुढे लेखणी चालेना. त्यांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. जुन्या घराची किल्ली परत द्यायची राहिली होती. शनिवारी सुट्टी होती, भाऊ निघाले, तर वहिनींनी चिठ्ठी पुढे केली: 'मीही येते.' सोबत पातेलं घेतलं, उस्तादांकडून पोचा काढून घ्यावा म्हणून.

गल्लीच्या तोंडाशीच ठणठणाट कानावर आला. भाऊ उस्तादांशी बोलत उभे राहिले आणि वहिनी किल्ली घेऊन वर गेल्या. बराच वेळ झाला म्हणून भाऊ वर आले, तर रिकाम्या घरात वहिनी ओट्याशी उभ्या. पदराच्या टोकानं ओटा पुसत होत्या. आता तो ओटा दुसऱ्यांचा, पुसायचं काही कारण नव्हतं. आणि त्यांचे ओठ हलत होते.

भाऊ दारातच थिजले. खालून धाण् धाण् धाण्. ओठ हलतायत, मान जरा डुलतेय. मग एक वाजला, गॅरेजची जेवणाची सुट्टी झाली, हातोड्या थांबल्या. त्याच क्षणी ओठही मिटले. अगदी कुणी बटण बंद करावं तसे.

"थांबलीस का?" भाऊंच्या तोंडून गेलं. महिन्याभरात बायकोशी तोंडानं बोललेलं पहिलं धड वाक्य.

वहिनी दचकल्या. "कधी आलात? कुठे काय, काही नाही."

"नाही, तू काहीतरी... म्हणजे ओठ..."

वहिनींच्या कानशिलापर्यंत लाली आली. "तुमचं आपलं काहीतरीच." मग ओट्याकडे बघत म्हणाल्या, "खाली ठोकत असले ना, की कसं मोकळं वाटायचं. वाटायचं, आपलं कुणी ऐकत नाहीये. मग आपोआप येतं. तिकडे काय, साधं हुं केलं तरी तीन मजले ऐकणार."

भाऊंनी डोक्याला हात लावला. ज्या आवाजाला ते चोवीस वर्षं शिव्या घालत होते, त्याच्याच आडोशाला बसून बायको गात होती. आणि त्यांनी, शहाण्यानं, तिचा आडोसाच काढून घेतला होता. बरं, हे बोलून दाखवावं, तर ऐकायची इच्छा होती हे कबूल करावं लागणार. आणि ते कबूल केलं, की ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. असा पेच भाऊंना बावीस वर्षांत खिडकीवर कुणी घातला नव्हता.

खाली उस्ताद जेवायला बसत होते. त्यांनी पातेलं फिरवून बघितलं. "एवढंच ना? ठेवून जा, सोमवारी देतो."

"नको," भाऊ म्हणाले. "हातोडी द्या. मीच काढतो."

उस्तादांनी भाऊंच्या हातांकडे बघितलं, कागद काळे केलेले हात. पण काही न विचारता एक जुनी, छोटी हातोडी दिली. "एकदम मधे नाही मारायचं भाऊ. पत्रा फाटतो. कडेकडेनं यायचं, हळूहळू. पोच्याला कळता कामा नये, की आपण त्याला काढतोय."

दुसऱ्या दिवशी रविवार, महिन्याचा शेवटचा. पाच वाजता घड्याळजी निकाल सांगणार. चार वाजता भाऊंनी बाहेरचं दार उघडं टाकलं, म्हटलं, उगाच कुणी येऊन ठोठावायला नको. मग पातेलं मांडीत पालथं घेऊन ते बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसले. आत वहिनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. खिडकीबाहेर ती फांदी होती. घर चांगलं होतं. पाण्यालाही खरोखरच जोर होता. भाऊंनी हातोडी उचलली.

धाण्.

"अहो!" वहिनी आतून किंचाळल्या. "काय करताय? पाच वाजता ते..."

"पोचा काढतोय! तू तुझं काम कर!" भाऊ खणखणीत ओरडले. हा आवाज महिनाभर त्यांच्या पोटात अडकला होता. बाहेर पडला तेव्हा त्यांना एकदम बरं वाटलं.

धाण् धाण् धाण्. वरच्या मजल्याचं दार उघडलं. समोरच्या काकूंचं उघडलं. भाऊ ठोकत राहिले, कडेकडेनं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून काही येत होतं की नव्हतं, त्यांना काय कळणार, मधे पितळ. आणि मग उघड्या दारात घड्याळजी येऊन उभे राहिले. भिंग कपाळावर, चेहरा लालबुंद, "तीन" म्हणायला तोंड उघडलेलं.

भाऊंनी उजव्या हातानं ठोकता ठोकता डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. त्या इमारतीत घड्याळजींना गप्प राहा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. घड्याळजी इतके चकित झाले, की खरंच गप्प राहिले. आणि गप्प राहिले म्हणून त्यांना ऐकू आलं. भाऊंच्या आधी त्यांनाच आलं. पन्नास वर्षं दहा घड्याळांतून एकाची टिकटिक वेगळी काढलेले कान ते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, पण त्यातून 'तीन' काही निघालं नाही. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं, मग भाऊंकडे बघितलं, आणि भाऊंच्या तोंडावर असं काही दिसलं असावं, की त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि कललेल्या खुर्चीवर बसले. मग तळहात जमिनीकडे करून तो खाली खाली आणला. बारीक. आणखी बारीक.

भाऊंनी हातोडीचा जोर कमी केला. धाण्चं ठण् झालं, ठण्चं टण्. घड्याळजी बोटानं ताल देत होते, लांब लांब, सावकाश. टण्... टण्... आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेतून आतला सूर बाहेर येऊ लागला.

तोच होता. खालच्या खाली घुटमळणारा. आवाज आता जरा जाड झाला होता, मधेच खरखरत होता, पण चाल तीच. सूर एकेक पायरी वर चढायला लागला. टण्. आणखी एक पायरी. टण्. अगदी वर गेला, जिथे सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी युनिट विचारले होते तिथे पोचला. भाऊंनी श्वास धरला. कुणी काही विचारलं नाही. सूर तिथे जरासा थांबला आणि मग पलीकडे उतरला. किती साधा उतरला! मूल झोपेत कुशीवर वळतं, तसा वळला आणि खाली आला. भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हात हवेतच राहिला. ठोकायचं राहून गेलं.

सूर थोडा वेळ तसाच चालू राहिला. मग त्याला शांतता कळली आणि तो थांबला.

"अहो," आतून वहिनींचा आवाज आला, "थांबलात का? निघाला वाटतं पोचा?"

भाऊंनी पातेल्याकडे बघितलं. पोचा कधीचाच निघाला होता. पातेल्याचं पोट गुळगुळीत होतं. आता काय सांगायचं? त्यांनी घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजींनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा आतल्या खोलीकडे. मग ते उठले, भाऊंच्या हातातून हातोडी घेतली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली आणि दात ओठ खाऊन पातेल्याच्या बरोबर मधोमध घातली. तिन्ही मजले हादरले. पातेल्याला नवा, वाटीएवढा पोचा आला.

"नाही गं!" भाऊ आत ओरडले. "अजून एक आहे!"

घड्याळजींनी हातोडी परत भाऊंच्या हातात दिली, कललेल्या खुर्चीत नीट बसले आणि डोळे मिटून घेतले.

"ठोका," ते म्हणाले. "पण हळू."